केळशीच्या माजघरातून ऑफिस

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या शेवटी इथल्या ब्रिटनमधल्या शाळा सहा आठवडे बंद होणार, आणि यंदा आपल्यातली बरीच कुटुंबं मुलांना घेऊन गावी जायचं आणि तिथूनच काम करायचं म्हणतायत. कमिटीत कुणीतरी विचारलं, "जमतं का हो हे?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारण २०२० साली, कोरोनाच्या टाळेबंदीत, आम्ही दोघं, दोन मुलं आणि दोन लॅपटॉप असे सगळे कोकणात, केळशीला माझ्या सासरी होतो. मला वीस मिनिटं दिलीत, पण आत वडे तळायला घेतल्याचा वास येतोय. आटपते लवकर.

तर, जमतं. पण एकाच माणसाने एकाच वेळी मीटिंगमध्येही असायचं आणि मुलांकडेही बघायचं, हे जमत नाही. तेव्हा मुलांकडे दुसरं कुणीतरी बघत असतं. ते कोण, हे घरात उघड बोलायला हवं. मला सांगायचंय ते एवढंच.

तेव्हा आम्ही पुण्यात होतो. मे महिन्यात प्रवासाच्या परवानगीचा ई-पास काढून तिथून निघालो. गावात पोचलो तर ग्राम कृती दलाने, म्हणजे गावाच्या कोरोना समितीने, चौदा दिवस विलगीकरणात मराठी शाळेत ठेवलं. शाळा मुलांना बंद आणि चाकरमान्यांना उघडी! भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, बुटक्या बाकावर लॅपटॉप आणि गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली मी. सासरे दोन वेळचा डबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवायचे आणि लांब उभं राहून मुलांना हाका मारायचे. लेक तेव्हा दुसरीत. तिला आयता फळा मिळाला, खडू मिळाले, आणि विद्यार्थी म्हणून धाकटा भाऊ मिळाला. माझी मीटिंग चालू असताना ती मागून "गप्प बस! हाताची घडी!" असं ओरडायची. आमच्या बंगाली मॅनेजरला मराठीतली तेवढी दोन वाक्यं अजून येतात.

घरी आलो तेव्हा आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी चालू होती. पावसाळ्याची सगळी बेगमी मेअखेर उरकायची असते, त्यामुळे मुलांना रमवण्यासाठी ॲक्टिव्हिटी शोधावी लागली नाही. अंगणात आंब्याची साटं, म्हणजे आंबापोळ्या, वाळत होती, त्यांवरचे कावळे राखायचे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, साली एका टोपात, बिया दुसऱ्यात. रातांब्यांची एक पाटी म्हणजे माझी सकाळची अख्खी मीटिंग निघायची. मुलांना ते काम आवडायचं, कारण ते खरंच करायचं काम होतं. नाहीतर सोलं, म्हणजे आमसुलं, कुठून येणार? रंगीत कागद कापून चिकटवायला दिले की आमची मुलं दहा मिनिटांत "झालं, आता काय करू?" म्हणून दारात उभी राहतात.

आम्ही फोनवर सगळ्यांना सांगायचो, गावाला मुलं काय मस्त रमलीत! ती रमली होती सासूबाईंच्या जिवावर. त्या माणसांनी भरलेल्या घराचा स्वयंपाक करत होत्या, आगरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, गड्याचा चहा बघत होत्या, कुळीथ-उडीद वाळवत होत्या. त्यात ही दोन. एका रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी दोन ते चार मी माजघरात आडवी होणार. तेव्हा पोरं कुणाची, ते तुम्ही दोघं ठरवा." आवाज चढवला नाही. भात वाढता वाढता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माजघराच्या दारावर कागद लागला. त्याच्या मीटिंगा, माझ्या मीटिंगा, आणि मध्ये ठळक अक्षरांत "आजी झोपली आहे". माझ्या नवऱ्याच्या मीटिंगा हलत नाहीत असा आमच्याकडे पूर्वापार समज होता. कागदावर आल्यावर त्या हलायला लागल्या. (तो मागे बसलाय. हसतोय, बघा.)

मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरपाशी किनाऱ्याला धडकलं, आणि बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे आम्ही. आगरातले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, टॉवर गेला. लाईट कित्येक आठवडे नव्हती. ऑफिसचं काम बंदच पडलं. मुलांसाठी दिवसभर वेळ होता, आणि त्याचं सुख घरात कुणालाच नव्हतं. सासरे पडलेल्या पोफळींमधून नुसते फिरत असायचे, आणि धाकटा त्यांचं बोट सोडायचा नाही.

जुलैत गाडी जरा रुळावर आली. रेंज यायची ती वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळावर, म्हणून नवरा छत्री आणि लॅपटॉप घेऊन तिकडे जायचा. त्याच महिन्यात केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी सूचना काढल्या: पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. मला त्या पटल्या. पण हिशेब करा. शाळा दीड तासाची, ऑफिस आठ-नऊ तासांचं. उरलेल्या वेळाचं काय, ते कुठल्याच परिपत्रकात नसतं.

आता यंदा जाणार आहात त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात भारत इथल्या साडेचार तास पुढे असतो. इथले सकाळचे नऊ म्हणजे केळशीत दुपारचा दीड, आणि इथले पाच म्हणजे तिथे रात्रीचे साडेनऊ. सकाळ अख्खी मुलांसोबत मिळते, हे सोन्यासारखं आहे. पण मुलांची संध्याकाळ, जेवण, झोप, सगळं तुमच्या कामाच्या वेळात येतं, आणि ते आपोआप आजीच्या अंगावर पडतं. शिवाय तुमच्या डोक्यातलं कोकण मे महिन्याचं असतं. जुलैत आंबा संपलेला असतो, पाऊस धो-धो, लाईटचा भरवसा नाही. यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा ३१ जुलैपर्यंत बंद असते, तेव्हा "मुलांना समुद्रावर सोडू" हे डोक्यातून काढून टाका. आणि चुलत भावंडं? तिकडच्या शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या असतात. तुमची मुलं ओटीवर बसून त्यांच्या सुटण्याची वाट बघणार. इन्व्हर्टर आहे का, ते विचारा. परदेशातून काम करायला कंपनीची लेखी परवानगी लागते का, तेही तिकिटं काढायच्या आधी विचारा.

आणि आजी-आजोबांना विचारा. "आम्ही येतोय" असं कळवणं म्हणजे विचारणं झालं असं समजू नका. मी गेल्या आठवड्यात सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "या की. पण सात ते नऊ माझ्या मालिका असतात, तेव्हा मी कुणाची नाही." तिथले सात म्हणजे इथले अडीच, भर ऑफिस. म्हणून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्यात. दोन आठवडे मी, दोन आठवडे नवरा. त्याची मंजूर झालीये, माझी अजून व्हायचीये.