मराठी वाक्यावरचा खटला

मंडळी, १३ जुलै १९०८ रोजी मुंबई हायकोर्टात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला सुरू झाला. समोर नऊ जणांची ज्युरी होती : सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला होता 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या दोन लेखांवर. लेख मराठी, आणि ज्युरीच्या हाती मात्र सरकारी दुभाष्यानं केलेलं इंग्रजी. टिळकांचं चरित्र तुम्ही सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेलं आहे. शेंगा आणि टरफलं मी आज सांगणार नाही. संपादक म्हणून त्यांचं जे आयुष्य गेलं, त्यात एकच भांडण मला पुन्हा पुन्हा दिसतं. मराठीत लिहिलेल्या वाक्याचा अर्थ लावायचा कोणी?

या भांडणाची सुरुवात टिळकांच्या विजयानं झाली नाही, चुकीनं झाली. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१चा. संपादक आगरकर, टिळकांकडे मुख्यतः इंग्रजी 'मराठा'. दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतो आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं यांच्या पत्रांनी मांडलं. पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली होती, त्यांच्या भरवशावर मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली! चूक कळल्यावर दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झालीच. सवलत मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. या खटल्यात त्यांना जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. पुढे ज्यांच्या विचारांशी 'केसरी'चं कधी जमलं नाही, ते फुले तेव्हा धावून आले होते, हे आपण विसरू नये.

महाराजांचं पुढे काय झालं? डिसेंबर १८८३मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीनंतर ते गेले. कळकळ खरी होती, कागद खोटे होते. माझ्या मते टिळकांमधला संपादक डोंगरीत घडला. त्यानंतरचा त्यांचा कोणताही वाद काढून बघा. कायद्याचं कलम, सरकारी अहवाल, आकडा, कोणाच्या भाषणातला उतारा, काहीतरी हाती असल्याशिवाय ते वार करत नाहीत. १८९६च्या दुष्काळात त्यांनी शेतकऱ्याला नुसतं 'सारा भरू नका' असं सांगितलं नाही. फॅमिन कोड या सरकारच्याच नियमांत सूट कुठे आहे, तगाई म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज कधी मिळतं, हे मराठीत समजावून दिलं. मामलेदारापुढे उभ्या राहणाऱ्या कुणब्याच्या हातात त्यांनी सरकारचाच कागद दिला.

ही लेखणी घरातही तितकीच धारदार चालली, आणि तिथे मी टिळकांच्या बाजूनं उभा राहू शकत नाही. १८९१चं संमतिवयाचं बिल शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारावर नेत होतं, एवढंच. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा. पण ज्या मुलींच्या देहाचा हा प्रश्न होता, त्यांची बाजू त्या अग्रलेखांत शोधूनही सापडत नाही. आगरकरांची ती व्यथा होती. त्यांनी आधीच 'केसरी' सोडून 'सुधारक' काढला होता, आणि डोंगरीच्या कोठडीत रात्र रात्र बोलत बसणारे हे दोन मित्र आपापल्या पत्रांतून एकमेकांना बोचकारत राहिले. राजघराण्यातले विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही, या वेदोक्ताच्या प्रकरणातही टिळक कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. त्याची किंमत महाराष्ट्राच्या राजकारणानं पुढे दीर्घकाळ मोजली.

आता १८९७. तेव्हा टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासदही होते. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या लेखाबद्दल त्यांना शिक्षा झाली असं आपण सर्रास सांगतो. ते तसं नाही. आरोपपत्रात होता १५ जूनचा अंक : शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता, आणि अफझलखानाच्या वधावर झालेल्या व्याख्यानांचा वृत्तांत. २२ जूनला पुण्यातले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि आठवड्यापूर्वीच्या मजकुराला एकदम नवा अर्थ आला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. आता बघा, प्लेगच्या तपासणीत घरात शिरलेल्या सोजिरांबद्दल पुण्यातल्या कोणत्या माणसाला प्रीती वाटत होती? सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर निर्दोषी म्हणाले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सुटून आल्यावर टिळकांनी पुन्हा लेखणी धरली तो मथळा होता 'पुनश्च हरिः ॐ'.

या माणसाची लिहिण्याची रीत डोळ्यांपुढे आणा. ते अग्रलेख बहुधा सांगत आणि लेखनिक उतरून घेई. हातात अडकित्ता, सुपारी कातरणं चालू. अंक मंगळवारचा, छापखाना मजकुरासाठी थांबलेला. म्हणूनच त्यांच्या गद्याला बोलण्याची लय आहे. वाक्य लांब असतं, पण वाचताना दम लागत नाही. आणि अंक वाचलाही तसाच जाई : गावात एकाच्या हाती 'केसरी' आणि भोवती दहाजण ऐकायला. देवनागरीचे खिळे कमी करून छपाई सोपी कशी होईल, या खटपटीतही ते पडले होते. शब्दाचा शिशाचा देहसुद्धा त्यांना परका नव्हता.

पुन्हा १९०८कडे येऊ. मुझफ्फरपूरला बाँब पडला, दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. अँग्लो-इंडियन पत्रांनी सगळ्या हिंदी पुढाऱ्यांवर आग ओकली. त्याला उत्तर म्हणून 'केसरी'नं लिहिलं की हे घडलं ते देशाचं दुर्दैव. पण दडपशाहीनं हे थांबणार नाही, लोकांना हक्क द्या. लेख बाँबचं समर्थन करत नाही. बाँब का येतो ते सांगतो. सरकारला तेच नको होतं. घरझडतीत एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटक पदार्थांवरच्या दोन पुस्तकांची नावं. फिर्यादी पक्षानं ते कार्ड उंच धरलं. टिळकांचा खुलासा असा : स्फोटकांचा नवा कायदा नुकताच झाला आहे, त्यावर टीका लिहायची तर विषय नको का वाचायला? डोंगरीत शिकलेला धडा इथे त्यांच्याच विरुद्ध पुरावा झाला.

जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला, आणि याच दावरांनी ११ वर्षांपूर्वी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकूण २१ तास १० मिनिटं. त्यातला मोठा भाग कशात गेला? शब्दांत. दुभाष्याला त्यांनी उलटतपासणीत शब्दाशब्दावर अडवलं. या मराठी शब्दाला इंग्रजीत जो शब्द घातला आहे, तो मूळ शब्दापेक्षा कडक आहे की नाही? राजकारणाचा मराठी शब्दसंग्रह अजून घडतो आहे, इंग्रजीतल्या छटा आम्ही जुन्या शब्दांवर बसवतो आहोत, तेव्हा लेख मराठी वाचकाच्या कानानं ऐका, असं त्यांचं म्हणणं. राजद्रोहाच्या खटल्यात एक आरोपी दिवसचे दिवस आपल्या भाषेची बाजू मांडत उभा आहे, यासारखं दृश्य मला दुसरं माहीत नाही.

२२ जुलैला रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरण्यांतले कामगार सहा दिवस संपावर गेले. त्यातले कितीतरी 'केसरी' स्वतः वाचू शकत नव्हते, पण त्यात काय असतं ते त्यांनी ऐकलेलं होतं. टिळक ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१२मध्ये, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या.

टिळक १९१४च्या जूनमध्ये परतले आणि १९१६मध्ये बेळगाव-नगरच्या भाषणांतून स्वराज्याची मागणी घेऊन उभे राहिले. २३ जुलैला एकसष्टीचा समारंभ होता, लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. त्याच दिवशी सरकारची नोटीस आली : चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीन द्या. पुन्हा मराठी भाषणं, पुन्हा त्यांची भाषांतरं. या वेळी जिनांनी अपील चालवलं. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी सुटी वाक्यं उचलून धरली नाहीत. भाषणं सबंध वाचली, एकूण परिणाम काय होतो ते पाहिलं, आणि ९ नोव्हेंबरला जामिनाचा हुकूम रद्द केला. पुढच्याच महिन्यात टिळक लखनौच्या काँग्रेसला निघाले.