तळहातावरची अक्षरे
(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो,

मुलीला शाळेत घालायचे म्हणून योकोहामाच्या एका सरकारी कचेरीत गेलो होतो, त्या दिवसाची गोष्ट आधी सांगतो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारले, ‘शिरित्सु’ शाळा हवी आहे का? जपानीत ‘शिरित्सु’ म्हणजे महापालिकेची आणि ‘शिरित्सु’ म्हणजेच खाजगी. दोन्हींचा उच्चार तंतोतंत एक. मी घुटमळलो, तसे त्यांनी लगेच ‘इचिरित्सु की वाताकुशिरित्सु?’ असे विचारले आणि उजव्या तर्जनीने डाव्या तळहातावर शहर या अर्थाचे पाच रेघांचे अक्षर सावकाश काढून दाखवले. जपानीतल्या चिनी अक्षरांना, म्हणजे कांजींना, बहुधा एक चिनी वळणाचा आणि एक अस्सल जपानी असे दोन उच्चार असतात. शब्दातल्या पहिल्या अक्षराचा चिनी वळणाचा उच्चार सोडून त्यांनी त्याचा अस्सल जपानी उच्चार घेतला होता. विज्ञान आणि रसायनशास्त्र हे दोन्ही ‘कागाकु’च असल्याने रसायनशास्त्राला ‘बाकेगाकु’ म्हणतात, तेही असेच.

हा गोंधळ परक्यांपुरता नाही, हे मला त्या दिवशी उमगले. चीनमधून कांजी अक्षरे आणि त्यांच्यासोबत हजारो शब्द जपानमध्ये आले, तेव्हा चिनी भाषेत स्वरांच्या चढउतारांनी वेगळे राहणारे शब्द जपानी मुखात एकसारखे होऊन बसले. जपानीला स्वर पाचच, आणि आपल्यासारखा त-थ, ट-ठ असा भेदही तिथे नाही. पुढे मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य विद्यांसाठी दोन-दोन कांजी जोडून असंख्य नवे शब्द घडवले गेले आणि समोच्चारी शब्दांची गर्दी आणखी वाढली.

आपल्या मराठीत काही ठिकाणी याच्या नेमके उलट घडते. ‘जग’ ही अक्षरे दुनियेसाठीही तीच आणि पाण्याच्या भांड्यासाठीही तीच. ‘ज’चा उच्चार कानावर पडला की अर्थ कळतो. मराठीत तिथे कान डोळ्याच्या मदतीला येतो, तर जपानीत डोळा कानाच्या.

कानाला अजिबात काम नाही, असे मात्र नाही. ‘हाशी’ हा शब्द घ्या. टोकियोत ‘हा’ उंच उच्चारला तर जेवायच्या काड्या, ‘शी’ उंच उच्चारला तर पूल. कड या अर्थाची तिसरी ‘हाशी’ पुलासारखीच ऐकू येते. पुढे ‘गा’ किंवा ‘ओ’ असा प्रत्यय लागला आणि आवाज खाली उतरला तर पूल, उतरला नाही तर कड. हे सारे कानात मुरवून तुम्ही ओसाकाला बदलून गेलात, तर तिथे ‘हा’ उंच असलेली हाशी पूल निघते आणि काड्यांना ‘शी’ उंच लागते. इक्क्यू या पंधराव्या शतकातील झेन भिक्षूविषयी मुलांना सांगतात ती गोष्ट याच शब्दावर उभी आहे. ‘ही हाशी ओलांडू नये’ अशी पाटी पुलाच्या तोंडाशी लावलेली असते. बाल इक्क्यू मात्र पुलाच्या मधोमध चालत पलीकडे जातो आणि सांगतो की, मी कडेला पाऊलही ठेवले नाही. पाटी नुसता उच्चार लिहिणाऱ्या काना लिपीऐवजी कांजीत असती, तर ही गोष्ट जन्मालाच आली नसती.

आपण ज्याला श्लेष म्हणतो तो इथल्या जपानी कवितेचा प्राण आहे. नवव्या शतकातील कवयित्री ओनो नो कोमाची हिच्या प्रसिद्ध कवितेत ‘नागामे’ म्हणजे शून्यात लागलेली नजर आणि लांबलेला पाऊसही. ‘फुरु’ म्हणजे पाऊस पडणे आणि वय सरणेही. फुलाचा रंग उडाला, या एका वाक्यात ती स्वतःचे ओसरलेले तारुण्य सांगून जाते. भाषांतरात यातला एकच अर्थ हाती लागतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बोलता आले की पुरे, कांजीच्या वाटेला कशाला जायचे, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. नित्य वापराच्या शासकीय सूचीत २१३६ कांजी आहेत आणि त्या सगळ्या येईपर्यंत कोणी थांबावे असे माझे म्हणणे नाही. पण निम्म्या शब्दांचा अर्थ अक्षरात दडलेला असताना केवळ कानावर विसंबून दवाखान्यात, शाळेत, बँकेत निभावणे अवघड जाते. शब्द अडला तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नका. ‘दोनो कांजी देस् का?’, म्हणजे ‘कोणती कांजी?’, एवढे विचारा आणि समोरच्याच्या तळहाताकडे पाहा.