हिरोक्लिक्स: पांढऱ्या चौकोनातली स्पेशल पॉवर नेमकी वाचायची कशी?

नमस्कार मंडळी! हिरोक्लिक्स म्हणजे कॉमिक्समधल्या हिरोंच्या छोट्या मूर्ती घेऊन पटावर खेळायचा खेळ, आणि प्रत्येक हिरोचं स्वतःचं एक कार्ड असतं. त्याच्या टेबलावर आवाज चढतो तो बहुतेक वेळा स्पेशल पॉवरवरून. "अरे, एवढा बलदंड हिरो आहे, भिंत फोडून पलीकडे जाणारच ना तो!" नाही जाणार. कार्डावर तसं लिहिलं असेल तरच जाईल. कॉमिक्समध्ये तो काय काय करतो, याच्याशी खेळाच्या नियमांना काही देणंघेणं नाही. कार्डावर जे लिहिलंय तेवढंच खरं. ऐकायला सोपं वाटतं, पण घोळ होतो तो इथेच.

नवीन मंडळींसाठी पटकन सांगतो. विझकिड्सने हा खेळ 2002 मध्ये बाजारात आणला. मिनिएचरच्या तळाशी फिरणारी डायल असते, मार बसला की ती पुढे फिरवायची. डायलवर चार आकडे दिसतात: स्पीड, अटॅक, डिफेन्स आणि डॅमेज. आकड्यामागे रंग असेल तर त्या हिरोकडे त्या क्षणी एक स्टँडर्ड पॉवर आहे. कोणता रंग म्हणजे कोणती पॉवर, हे पॉवर्स अँड अ‍ॅबिलिटीज कार्डावर छापलेलं असतं आणि ते सगळ्यांना सारखंच लागू.

(डायल कॅमेऱ्यासमोर धरून)

आता हे बघा. इथे रंग नाहीये. पांढरा चौकोन आहे आणि त्याला काळी कड आहे. ही स्पेशल पॉवर. तिचा अर्थ दुसरीकडे कुठेही शोधायचा नाही, फक्त याच हिरोच्या कार्डावर बघायचा. (एक क्लिक फिरवून) आणि आता? चौकोन गेला, म्हणजे पॉवरही गेली. कार्डावर मजकूर अजून छापलेला आहे, पण तेवढ्यावरून ती वापरता येत नाही. डायलवर चौकोन दिसतोय तोवरच ती तुमची.

कार्डावर तारा छापलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो ट्रेट. ट्रेटला डायलशी कर्तव्य नाही, हिरो मैदानात आहे तोवर तो चालू. वाद सुरू झाला की आधी हेच बघा, की आपण ज्यावर भांडतोय तिथे तारा आहे की चौकोन. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता एक उदाहरण घेऊ. पॉवर मी बनवलेली आहे, पण धाटणी अगदी नेहमीची. स्पीडमागे पांढरा चौकोन, आणि कार्डावर मजकूर असा: "हा हिरो चार्ज आणि साइडस्टेप वापरू शकतो. चार्ज वापरताना त्याच्या डॅमेजमध्ये +1." स्पीड 9.

चार्ज म्हणजे अर्ध्या स्पीडने पुढे जाऊन जवळचा हल्ला. 9 चे अर्धे साडेचार, आणि या खेळात अपूर्णांक वर घेतात, म्हणून पटावरचे 5 चौकोन. साइडस्टेप म्हणजे 2 चौकोनांपर्यंत फुकट सरकणं, त्याला अ‍ॅक्शन टोकन (चाल केली की हिरोवर ठेवायची खूण) लागत नाही. मग आधी साइडस्टेप, नंतर चार्ज असं चालेल का? बिनधास्त चालेल. एकूण 7 चौकोन गाठता येतात आणि आठव्या चौकोनातल्या शत्रूला ठोसा बसतो. साइडस्टेप पुन्हा मात्र नाही, कारण तीच फ्री अ‍ॅक्शन एका टर्नमध्ये एकदाच.

आता ते +1. ते कधी मिळतं? "चार्ज वापरताना". म्हणजे तुम्ही शत्रूला खेटून उभे आहात आणि साधा जवळचा हल्ला केलात, तर +1 नाही. तोच हिरो, तोच शत्रू, तोच ठोसा, तरी नाही! कार्डावरचं "वापरताना", "ऐवजी", "तर" हे शब्द सगळे नजरेआड करतात आणि खरा नियम त्यांच्यातच दडलेला असतो.

टोकनांकडेही लक्ष असू द्या. हिरोवर दुसरं टोकन आलं की अ‍ॅक्शन पूर्ण झाल्यावर त्याला एक पुशिंग डॅमेज बसतं आणि डायल एक क्लिक पुढे जाते. पुढच्या क्लिकवर पांढरा चौकोन नसेल, तर नंतरसाठी राखून ठेवलेली साइडस्टेप गेलीच म्हणून समजा. ती आधी वापरा. उलट बाजूने, पुढच्याच क्लिकवर चांगली स्पेशल पॉवर येणार असेल, तर मुद्दाम पुश करून तिथे पोचणारे खेळाडूही असतात. मला ही चाल फार आवडते.

आता आउटविट. समोरच्याने आउटविट करून तुमची ही स्पेशल पॉवर बंद केली, की चार्ज, साइडस्टेप आणि +1 तिन्ही एकदम गेले. "मी फक्त चार्ज सोडतो, साइडस्टेप राहू दे" अशी घासाघीस चालत नाही, कारण एका चौकोनात आलेलं सगळं मिळून ती एकच पॉवर. पण ट्रेट आउटविटने बंद करता येत नाही. म्हणून टीम निवडताना, हिरोची खरी करामत ताऱ्यात आहे की चौकोनात, हे बघूनच मी त्याच्यावर पॉइंट्स खर्च करतो.

आकड्यांचं गणित सर्वांत जास्त चुकतं. क्रम असा: आधी बदली, मग अधिक-उणे. छापील डॅमेज 2 आहे, स्पेशल पॉवर म्हणते "डॅमेज 4 होतं", आणि शेजारी एम्पॉवरवाला साथीदार जवळच्या हल्ल्याला +1 देतोय. उत्तर 5. आधी 2 मध्ये 1 मिळवून मग "आता ते 4 झालं" असं म्हणणारा समोरचा असेल, तर त्याला थांबवा. अर्धं करणं हीसुद्धा बदलीच. मघाच्या चार्जवाल्या हिरोला परप्लेक्सने (आकडा वर-खाली करणारी पॉवर) स्पीडवर +1 दिलं, तर 9 चे आधी अर्धे 5, मग 1 मिळवून 6. आणि असे अधिक-उणे कितीही रचले, तरी एका आकड्यावर बेरीज +3 च्या वर जात नाही आणि वजाबाकी -3 च्या खाली जात नाही.

डॅमेज कमी करणाऱ्या पॉवर्सची बेरीज होत नाही. टफनेस 1 ने कमी करते, इन्व्हल्नरेबिलिटी 2 ने, म्हणून दोन्ही असलेल्या हिरोचं 3 ने कमी होत नाही. एकच निवडायची. आणि डॅमेज पेनिट्रेटिंग, म्हणजे कमी न करता येणारं असेल तर त्या एकीचाही उपयोग नाही.

शेवटी, ज्यांच्याकडे जुन्या फिगर्स आहेत त्यांच्यासाठी. जुन्या कार्डांवर "या हिरोला पॉवर अ‍ॅक्शन द्या" अशी लांबलचक वाक्यं असतात (पॉवर अ‍ॅक्शन म्हणजे टोकन लागणारी चाल). नव्या कार्डांवर तेच नुसतं "पॉवर:" असं सुरुवातीला लिहून उरकलेलं असतं, आणि "फ्री अ‍ॅक्शन म्हणून" याच्या जागी "फ्री:". दोन्ही पिढ्यांच्या फिगर्स एकाच टेबलावर असतील, तर डाव मांडण्याआधी जुनी कार्डं एकदा समोरच्यासोबत वाचून घ्या आणि कोणत्या पॉवरला टोकन लागतं, कोणतीला नाही, हे तेव्हाच ठरवून टाका.