आधी जमीन, मग झाडं

विषय जाहीर झालाय, डार्ट फ्रॉगच्या, म्हणजे त्या छोट्या रंगीत बेडकांच्या टेरेरियममध्ये, झाडं लावलेल्या काचेच्या पेटीत, कोणती झाडं लावावीत. त्यावर येतोच. पण हात वर करा, किती जणांनी आधी झाडं घेतली आणि मग बेडूक ठरवला? बघा, जवळजवळ सगळेच!

मध्यंतरी एकांकडे एक टेरेरियम बघितलं. मागच्या भिंतीवर ऑर्किड फुललेली, खाली या काचेपासून त्या काचेपर्यंत ओल्या शेवाळाचा गालिचा. आत टिंक्टोरियस या जातीच्या डार्ट फ्रॉगची जोडी. बराच वेळ बसलो, तरी बेडूक दिसेनात. मालक म्हणाले, "लाजाळू आहेत हो." अहो, हा दिवसाढवळ्या जंगलात जमिनीवर हिंडणारा प्राणी! तो लाजाळू नव्हता, त्याला आडोसा नव्हता. चार उड्यांवर लपायला जागा असेल तर डार्ट फ्रॉग उघड्यावर येतो, नसेल तर कोपरा सोडत नाही. आम्ही त्या शेवाळावर वाळक्या बदामाच्या पानांचा जाड थर पसरला. काही दिवसांत त्यांचा फोन आला, दोघंही पानांवरून फिरतायत, मध्येच थांबून पानाखालचे स्प्रिंगटेल, म्हणजे ओल्या पाचोळ्यातले बारीक किडे, टिपतायत. मला राग येतो तो याचा, की पाचोळ्याला आपण कचरा समजतो. बेडकाचं घर आणि स्वयंपाकघर दोन्ही तिथेच असतं.

जाता जाता सांगतो. लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्डने १८२९ च्या सुमारास बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता, आणि त्या मातीतून नेचा उगवला. काचेच्या पेटीत झाडं वाढवण्याची कल्पना तिथून आली. म्हणजे तिथेही जीव आणि माती आधी, झाड नंतर!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा झाडं भराभर सांगतो. टिंक्टोरियस, ऑराटस, ल्युकोमेलास या जातींच्या बेडकांना लांबरुंद तळ द्या. रानिटोमेया या चढणाऱ्या छोट्या बेडकांना उंची आणि ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं, द्या. त्यातली नियोरेगेलिया मातीत पुरू नका, बुंधा कुजतो, फांदीवर बांधा. तिच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं. पुमिलिओ या डार्ट फ्रॉगची मादी तिथे एकेक पिल्लू नेऊन सोडते आणि त्याला स्वतःची न फळलेली अंडी खाऊ घालते. सावलीला पोथॉस, पेपेरोमिया, लहान नेचे पुरेत. वेली फायकस छान दिसतो, पण छाटला नाहीत तर सगळं गिळतो. काटेरी काही नको. तळाशी मातीच्या भाजक्या गोळ्या, त्यावर जाळी, मग माती, नाहीतर मुळं सडतात. दिवा झाडांसाठी प्रखर लागतो, पण आतलं तापमान २२ ते २६ अंशांतच ठेवा. तिशीला गेलं तर बेडूक दगावू शकतो. विकत आणलेल्या रोपाची माती पूर्ण धुवा, खताचे दाणे काढा आणि कीटकनाशक उतरेपर्यंत काही आठवडे वेगळं ठेवा. स्प्रिंगटेल पहिल्याच दिवशी सोडा. बेडूक मात्र झाडं रुजून नवी पानं धरल्यावरच.

हॉल रिकामा करायचाय, प्रश्न बाहेर घेऊ.