सदऱ्याच्या आतला माणूस

मंडळी, आज समोर निम्मे लोक पेठेतले आहेत आणि निम्मी कलाशाळेतली मुलं. दोघांशी एकदम बोलायचं तर मला दुकानापासूनच सुरुवात केली पाहिजे.

कोल्हापूरच्या महाद्वार रोडला आमचं साड्यांचं दुकान. वडील गेले तेव्हा मी २२ वर्षांचा होतो. गादीवर बसलो तो ४८ व्या वर्षी उठलो. आता मी ६१ वर्षांचा आहे आणि गेली १३ वर्षं माणसांचे पुतळे करतो. त्यावरच माझं घर चालतं. ‘दुकान सोडून छंद जोपासला’ असं माझी ओळख करून देताना लोक प्रेमानं म्हणतात. ते प्रेम मला कळतं, पण छंद हा शब्द मी स्वीकारत नाही. मी घेतलेली तारीख पाळतो, बिल करतो, आणि काम चुकलं तर ते माझ्या खर्चानं पुन्हा करतो. याला व्यवसाय म्हणतात.

हे खूळ कुठून आलं, असं विचाराल तर कावळा नाक्यावरून. खरेदीला मुंबईला किंवा सुरतेला जायचं म्हणजे रात्रीची गाडी तिथून. गाडीची वाट बघत वर्षानुवर्षं मी शिल्पकार रवींद्र मेस्त्रींनी केलेल्या ताराराणींच्या पुतळ्यासमोर उभा राहिलो आहे. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत, सगळा भार मागच्या दोन पायांवर. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. पण एका रात्री माझ्या मनात आलं, की हे वजन कोणीतरी आधी मोजलं असणार. हा घोडा उभा राहायच्या आधी कोणीतरी त्याच्या आत काहीतरी उभं केलं असणार. ते आत काय आहे, हा प्रश्न मग डोक्यातून जाईना.

बापट कॅम्पमध्ये एका मूर्तिकार काकांकडे मी रात्री दुकान बंद झाल्यावर जायला लागलो. शाडू कसा भिजवायचा, किती मळायचा, अंगठ्यानं दाबायचा कसा, हे सगळं त्यांचं देणं. दोन वर्षांनी मी त्यांना गुडघ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, “आमच्या देवानं मांडी घातलेली असती. उभ्या माणसाचा गुडघा शिकायचा तर कलाशाळेतल्या मास्तराकडंच जावा.” स्वतःच्या विद्येची हद्द इतकी स्वच्छ सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मग एका निवृत्त कलाशिक्षकांकडे रेखाटन सुरू केलं. धाकट्या भावानं दुकान हातात घेतलं आणि मी दिवसभर शिकू लागलो. घरी ही बातमी सांगितली त्या दिवशी जेवणं मुकाट्यानं झाली. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, की किती वर्षं कमाई नसेल. मी तीन म्हणालो. पाच लागली. त्या पाच वर्षांचा भार तिनं उचलला, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

आता मुलांनी नीट ऐकावं असा भाग. माझी पहिली मोठी मूर्ती तीन फुटांची होती, साडी नेसलेली उभी बाई. साडी तर मला येत होती! सुती कापड कसं मोडतं, इरकलीचं कसं पडतं, पैठणीचा जड पदर खांद्यावरून कसा ओघळतो, हे मी गिऱ्हाइकांच्या आरशात २६ वर्षं पाहिलेलं. निऱ्या मी फार सुंदर केल्या. सरांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली, विणायची एक सुई घेतली आणि विचारलं, “हिचा गुडघा कुठाय?” सुई मांडीच्या जागी आत गेली, नुसत्या मातीत. आत पाय नव्हताच. मी साडीच उभी केली होती, बाई केलीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी मुंबईला जाऊन शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती पाहिली. १८९६ साली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी ती प्लास्टरमध्ये केली. नऊवारीतली तरुण मुलगी देवळाकडे निघाली आहे. रवींद्रनाथांनीसुद्धा तिच्यावर लिहिलं होतं. मी मात्र व्यापाऱ्याच्या नजरेनं कापडच बघायला गेलो होतो, आणि तिथं मला कापड कसं वाचायचं ते कळलं. चुणी कुठेही पडत नाही. शरीर कापडाला जिथं धरतं, म्हणजे कमरेची गाठ, खांदा, पुढे आलेली मांडी, तिथून ती निघते आणि दुसऱ्या धरलेल्या जागेकडे जाते. मध्ये कापड सैल असेल तर ते झोळीसारखं लोंबतं. म्हणजे चुणी करायची तर आधी ती धरणारं हाड पाहिजे. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. हे एकदा मातीत बसलं की निऱ्या आपोआप कलतात.

घरी येऊन मी ती मूर्ती मोडली. तेव्हापासून प्रत्येक पुतळा मी आधी उघड्या अंगाचा करतो आणि मग त्याच्यावर कपडे चढवतो. संत असो, पुढारी असो. वेळ दीडपट लागतो. काही लोकांना हे विचित्र वाटतं, माझा नाइलाज आहे.

सांगाड्याचं एक सांगतो. पुरुषभर उंचीच्या माझ्या पहिल्या कामात लोखंडी पाइप आणि सळ्या ठीक होत्या, पण छातीच्या पोकळीत लाकडी बटरफ्लाय मी फारच कमी टांगले. बटरफ्लाय म्हणजे तारेनं लोंबकळणाऱ्या छोट्या लाकडी फुल्या. ओल्या मातीचं वजन त्या अडवून धरतात. पावसाळा होता, शाडू वाळत नव्हता. पहाटे धप्प आवाज झाला. जाऊन पाहतो तर छाती आणि दोन्ही दंड जमिनीवर. चार महिन्यांचं काम होतं. चूक पूर्ण माझी होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला, तेव्हापासून काम द्यायला येणारे लोक आतल्या लोखंडाबद्दल, पायाबद्दल, वाऱ्याबद्दल विचारू लागले आहेत. हे प्रश्न आपण सगळ्यांनी फार आधीपासून विचारायला हवे होते.

मग दुकानातली २६ वर्षं वाया गेली का? नाही. ती कामाला आली, पण मला वाटलं होतं तशी नाही.

आमच्याकडे बहुतेक काम दिवंगत माणसाचं येतं, आणि सोबत येतो एक फोटो. तोही ओळखपत्रावरचा, नाहीतर लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. नुसत्या त्यावर विसंबलात तर चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. एका खेडेगावात शाळा काढलेल्या गुरुजींचा अर्धपुतळा करायचा होता. फोटो एकच. मी म्हणालो, त्यांचे कपडे आहेत का? मुलानं ट्रंकेतून तीन सदरे आणले, चष्मा आणि टोपी आणली. गळपट्टीवरून मानेचा घेर मिळाला, टोपीवरून डोक्याचा, चष्म्याच्या काड्यांवरून कानांतलं अंतर. एवढं कोणीही शिंपी सांगेल. पण तिन्ही सदरे डाव्या खांद्यावर विरलेले होते, आणि उजवा खांदा नव्यासारखा. विचारलं तर कळलं, गुरुजी ३० वर्षं डाव्या खांद्याला शबनम अडकवून चालत शाळेला जायचे. पिशवीचा पट्टा घसरू नये म्हणून माणूस तो खांदा नकळत जरा उचलून धरतो. पिशवी नसली तरी तो तसाच राहतो. मी डावा खांदा बोटभर वर घेतला. त्याबरोबर मान किंचित उजवीकडे गेली.

माती पाहायला गुरुजींच्या पत्नी आल्या. चेहऱ्याकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. मागच्या बाजूला गेल्या, त्या खांद्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “हे असंच करायचे. मी किती वेळा सांगायची, सरळ उभे राहा म्हणून.” मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आता पेठेतल्या मंडळींना व्यवहाराचं. पहिल्या कामाचा भाव मी कापडासारखा काढला, खरेदी अधिक नफा. लोखंड, प्लास्टर, मेण, ओतकाम, ब्राँझ एवढं मोजलं. ब्राँझमध्ये तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५, त्यामुळे तांब्याचा भाव हलला की आपला हिशेब हलतो, हेही धरलं. माझे स्वतःचे सात महिने मात्र कुठंच धरले नाहीत. दुकानात माल पडून राहिला तर व्याज लागतं हे मला पाठ होतं, पण माणूस उभा असतो त्याचंही काही लागतं हे सुचलंच नाही. आता मी चार हप्ते घेतो. करार झाल्यावर, माती मंजूर झाल्यावर, ओतकामासाठी मेणाची प्रत तयार झाल्यावर आणि पुतळा बसवायच्या आधी. शेवटचा हप्ता पुतळा बसवल्यानंतर ठेवू नका. अनावरण होऊन फुलं वाळली की पुढची दोन वर्षं एका संस्थेच्या पायऱ्या कशा झिजवाव्या लागतात, ते मी अनुभवलं आहे.

सार्वजनिक जागेतला पुतळा असेल तर आपल्या राज्यात मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. पुष्कळ शिल्पकार याला कटकट म्हणतात. मला तसं वाटत नाही. माती आहे तोवरच नाक हलवता येतं. जाणत्या माणसांनी मूर्तीभोवती फिरून चुका काढल्या तर त्या ओतकामाच्या आधी निघतात. मी त्यांना मागची बाजू मुद्दाम दाखवतो, कारण पुतळा चौकात उभा राहिला की निम्मं गाव त्याची पाठच बघतं.

सध्या स्टुडिओत जे उभं आहे ते कोणी सांगितलेलं काम नाही. साडीच्या दुकानातली बाई आहे. तिनं पदर खांद्यावर टाकून पाहिला आहे आणि आरशाकडे वळली आहे, घ्यावी की नको या विचारात. असं वळणं मी हजारो वेळा समोरून पाहिलं, पण तेव्हा माझं लक्ष ती कोणती साडी घेते याच्याकडे असायचं. वळताना टाचेवरचा भार कधी सुटतो, हे आता बायकोला पुन्हा पुन्हा वळायला सांगून बघतो आहे. रात्री मूर्तीला ओली फडकी गुंडाळतो. ती आमच्याच दुकानातली, डाग पडलेल्या सुती साड्यांची. भाऊ आठवणीनं बाजूला काढून ठेवतो.

पुढच्या सोमवारी साचा घ्यायला सुरुवात करणार आहे. साचा घेताना माती मोडते, ती पुन्हा बघायला मिळत नाही. मुलांनो, रविवारपर्यंत या. सुई मी टेबलावरच ठेवली आहे. गुडघा कुठं आहे ते स्वतः टोचून बघा, आणि नसेल तर मला सांगा.