'काही करत नाही हो तो!'

(दृश्य: बंद फाटक. आतून भुंकण्याचा आवाज.)

कुत्रा अंगावर धावून आला की मागून मालकाचा आवाज येतो, "घाबरू नका, काही करत नाही तो!" दात लागले की वाक्य बदलतं. "यापूर्वी असं कधीच केलं नव्हतं हो त्यानं!"

हे दुसरं वाक्य नीट ऐका. काही ठिकाणी ते मालकाचा भक्कम बचाव ठरतं, तर काही ठिकाणी कोर्ट त्याला कवडीची किंमत देत नाही.

(दृश्य: धूळ बसलेली जुनी दप्तरं.)

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पाळीव कुत्रा मुळात निरुपद्रवी धरला जाई. भरपाई हवी असेल तर कुत्रा अंगावर जाणारा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं, हे जखमी माणसानंच सिद्ध करायचं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हा नियम आजही चालतो. लोकांनी त्याला नाव ठेवलंय, 'पहिला चावा फुकट'. नाव चटकदार आहे, पण पुरतं खरं नाही. आधी कुणाला चावलेला असायलाच हवा असं काही नाही. येणाऱ्याजाणाऱ्यावर झेपावणं, पोरांच्या मागे लागणं, एवढ्यावरूनही 'मालकाला माहीत होतं' असं म्हणता येतं.

फाटकावरची पाटीसुद्धा यातच आली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात एका घराच्या दारातच साखळीला बांधलेल्या कुत्र्याचं चित्र आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, 'कुत्र्यापासून सावध'. पाटी लावली की आपण सुटलो, असं मालकाला तेव्हापासून वाटत आलं असावं. पण वकील उलट विचारतो, काही करत नव्हता, तर पाटी कशाला लावली?

तरी पाटी कधीकधी तारते. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकातल्या एका निकालात रात्रीच्या वेळी भंगाराच्या आवारात शिरलेल्या बाईला अपील न्यायालयानं भरपाई नाकारली. राखणीचा कुत्रा आत मोकळा असतो, हे तिला माहीत होतं.

(दृश्य: पत्रं घेऊन फाटकाशी थबकलेला पोस्टमन.)

कॅलिफोर्नियाचा कायदा हा वादच मिटवतो. कुत्रा पूर्वी कसा वागला, मालकाला काय ठाऊक होतं, याला तिथे महत्त्व नाही. तुम्ही रस्त्यावर होतात, किंवा दुसऱ्याच्या आवारात कायदेशीरपणे गेला होतात, एवढं पुरतं. टपाल वाटणाऱ्याचा उल्लेख तर कायद्यातच आहे. जर्मनीत हौसेनं पाळलेल्या कुत्र्याचा मालक चूक नसली तरी जबाबदार असतो; पोटापाण्याच्या कामासाठी पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला मात्र 'मी योग्य ती काळजी घेतली होती' असं दाखवून सुटता येतं. न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं मालकाचा निव्वळ निष्काळजीपणा दाखवून भागत नसे. २०२५ मध्ये राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयानं तो रस्ता खुला केला. तिथंही चावा बसला होता टपाल पोहोचवायला आलेल्या माणसालाच!

भारतात भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे; पूर्वी हेच दंड संहितेत २८९ होतं. ताब्यातल्या प्राण्यापासून जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'ताब्यातल्या' हा शब्द महत्त्वाचा. कुत्रा फिरवायला नेणाराही त्यात सापडू शकतो. पण हा झाला फौजदारी भाग. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, चेहऱ्यावर राहिलेला व्रण यांची भरपाई मागायची तर सहसा दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो.

(दृश्य: नळाखाली धरलेला हात.)

खटल्याचं बरंचसं भवितव्य मात्र पहिल्या दिवशीच ठरतं. आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, मग लगेच डॉक्टर. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून इथे कायदा थांबू शकतो, लस नाही. त्याच वेळी कुणीतरी कुत्रा कुणाचा हे शोधावं, त्याच्या लसीचा कागद पाहावा. चावल्यानंतर दहा दिवस तो जिवंत आणि ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानतात. म्हणजे मालकाचा पत्ता डॉक्टरलाही हवा असतो आणि वकिलालाही.

जखमेचे फोटो टाके पडण्याआधी काढा, आणि बरी होईपर्यंत काढत राहा. फाटलेले कपडे धुऊ नका. मालकाच्या विमा कंपनीचा माणूस गोड बोलून 'एवढी सही करा' म्हणाला, तर पुढे शस्त्रक्रिया लागणार आहे का, हे आधी डॉक्टरला विचारा. सही केल्यावर आणखी भरपाई मागायचा हक्क बहुधा संपतो.

समोरून हमखास दोन आक्षेप येतात: तुम्ही विनापरवाना आत शिरलात, किंवा तुम्ही कुत्र्याला डिवचलंत. हे ठरलं तर भरपाई घटते, कधी शून्य होते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र न्यायालयं सहसा सबुरीनं घेतात. तीन वर्षांच्या पोरानं शेपूट ओढली, त्याला डिवचणं म्हणायचं का?

(दृश्य: तक्रारवहीत लिहिणारा हात. पुन्हा तेच फाटक.)

जखम किरकोळ असली, शेजाऱ्याशी वाईटपणा नको असला, तरी तक्रार लेखी नोंदवावी. तुम्हाला कदाचित एक पैसाही मिळणार नाही. पण उद्या हाच कुत्रा दुसऱ्या कुणाला चावला आणि मालक म्हणाला, "यापूर्वी असं कधीच केलं नव्हतं हो त्यानं," तर वहीत तारीख असेल.