क्रॉमफर्ड : गिरणी वाचवायची तर आधी भाडेकरू शोधा

(दृश्य : रस्त्यावरून आडवा गेलेला लोखंडी पाट, खालून जाणाऱ्या मोटारी)

रस्त्याच्या डोक्यावरून आडवा गेलेला हा ओतीव लोखंडाचा पाट १८२१ सालचा आहे. त्याआधी इथं लाकडी पन्हळ होती. डोंगराकडचं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या गिरणीत न्यायचं, एवढंच तिचं काम. गाव इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातलं, नाव क्रॉमफर्ड. गाव छोटंसंच. पण पाण्याच्या जोरावर सूत कातणारी जगातली पहिली यशस्वी कापूसगिरणी १७७१ मध्ये इथं उभी राहिली, आणि तिचं जे काही उरलंय ते अजून इथंच आहे.

(दृश्य : वाहतं पाणी, दगडी काठ, शेवाळ)

पाण्यापाशी जरा थांबू या, कारण गिरणी इथं आली ती या पाण्यासाठी. दोन ठिकाणचं पाणी इथं एकत्र येतं. एक बॉन्सल ब्रुक नावाच्या ओढ्याचं. दुसरं क्रॉमफर्ड सफचं. शिशाच्या खाणीत साचणारं पाणी बाहेर काढायला जे बोगदे खणायचे, त्यांना इथं सफ म्हणतात. जमिनीच्या पोटातून येणारं हे पाणी कडाक्याच्या थंडीतही कोमटसर राहतं, सहसा गोठत नाही. म्हणजे हिवाळ्यातही चाक फिरतं ठेवता येतं. खाणवाल्यांना नकोसं झालेलं पाणी गिरणीवाल्याला आयतं मिळालं.

हा गिरणीवाला म्हणजे रिचर्ड आर्कराइट. मूळचा प्रेस्टनचा न्हावी, केसांचे टोप बनवून विकणारा. जॉन के नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून त्यानं रुळांमधून पेळू ओढून त्याला पीळ देणारं यंत्र तयार केलं आणि १७६९ मध्ये पेटंट घेतलं. तोवर इंग्लंडमध्ये कातलेल्या कापसाच्या सुताला मागावरचा ताण सोसत नसे. म्हणून ताणा लिननचा आणि बाणा कापसाचा, असं मिश्र कापड विणायचे. आर्कराइटचं सूत ताण्याला टिकलं. आपल्याकडच्या विणकरांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, हे जाता जाता.

भांडवल जेडेडाया स्ट्रट आणि सॅम्युएल नीड या दोन व्यापाऱ्यांनी घातलं. डिसेंबर १७७१ मध्ये ‘डर्बी मर्क्युरी’ या वृत्तपत्रात गिरणीसाठी माणसं हवीत म्हणून जाहिरात आली. मागितले होते कोण? घड्याळं बनवणारे, दातेरी चाकांची जाण असलेले कारागीर, लोहार, लाकूड कातणारे. गिरणीत बायकामुलांनाही काम मिळेल, असंही खाली लिहिलं होतं. यंत्रयुग सुरू करायला निघालेला माणूस गावोगावचे घड्याळजी आणि सुतार गोळा करत होता.

(दृश्य : गिरणीची रस्त्याकडची भिंत, सावकाश वर जाणारा कॅमेरा)

ही भिंत नीट बघा. रस्त्याच्या बाजूला तळाशी खिडकीच नाही. गिरणीपेक्षा गढीच वाटते, आणि त्याला कारण होतं. १७७९ मध्ये लँकेशरमध्ये यंत्रांविरुद्ध दंगे झाले, बर्कएकर इथली आर्कराइटची गिरणी जमावानं उद्ध्वस्त केली. त्यानंतर क्रॉमफर्डला तोफेची तयारी ठेवली होती. दगड आहे इथलाच, भरड वाळूचा. दोनशे पन्नास वर्षांच्या पावसानं काळपटलेला.

चित्रकार जोसेफ राइट यानं ही गिरणी रात्रीची रंगवली आहे. काळ्या डोंगराच्या कुशीत पेटलेल्या खिडक्यांच्या ओळी. रात्रीच्या खिडक्या पेटलेल्या, कारण रात्रीही काम चालू. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, आणि त्यात लहान मुलंही. कापूस पुढं पुढं गुलामांच्या मळ्यांतून येऊ लागला, आणि गिरणीच्या सुतानं हिंदुस्थानातल्या हातमागांचं काय केलं ते आपण जाणतोच.

(दृश्य : नॉर्थ स्ट्रीटवरची तीन मजली घरं)

कामगारांना राहायला आर्कराइटनं घरं बांधली. नॉर्थ स्ट्रीटची ही ओळ १७७६ च्या आसपासची. वरच्या मजल्यावरच्या लांबच लांब खिडक्या मागासाठी आहेत. बायकामुलं गिरणीत आणि पुरुष माडीवर मागाला, असा हिशेब. विसाव्या शतकात ही ओळ पाडण्याच्या बेतात होती. ती वाचली, आणि त्यातलं एक घर लँडमार्क ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था सुट्टीसाठी भाड्यानं देतं. बाकीच्या घरांत लोक राहतात. दारात सायकली आहेत, कचऱ्याचे डबे आहेत. माझ्या दृष्टीनं या गावातला सर्वांत यशस्वी जीर्णोद्धार हाच.

मग गिरणी बंद का पडली? पुन्हा पाणीच. मीरब्रुक सफ नावाचा आणखी खोल बोगदा खाणवाल्यांनी खणला, आणि जमिनीतलं पाणी तिकडं वळलं. खाणीनं दिलेलं पाणी खाणीनंच काढून घेतलं. १८४० च्या दशकात इथली सूतकताई संपली. पुढं या इमारतींत दारूची भट्टी आली, धुलाई आली. १७७६ ची दुसरी गिरणी १८९० च्या आगीत जळाली. पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजलेही पुढच्या एका आगीत गेले. आणि १९२२ मध्ये इथं रंगाचा कारखाना आला.

(दृश्य : गिरणीचं आवार, उघडे पडलेले पाये)

आता मुख्य गोष्ट.

१९७१ मध्ये गिरणीला दोनशे वर्षं झाली, तेव्हा गावात आणि आसपास उत्सव झाला. असे उत्सव होतात, हारतुरे होतात, लोक घरी जातात. इथं त्यातून आर्कराइट सोसायटी ही संस्था उभी राहिली आणि टिकली. १९७९ मध्ये रंगाचा कारखाना निघून गेला, तेव्हा या संस्थेनं अख्खं आवार विकत घेतलं. घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं? जळकी, गळकी, अर्धवट इमारती. मध्येच उठवलेल्या विसाव्या शतकातल्या शेड. आणि सगळीकडे शिशाचा क्रोमेट. क्रोम पिवळा रंग याच्यापासून बनतो. दिसायला झेंडूसारखा, अंगात गेला तर विष.

त्यामुळं जतनाच्या आराखड्यातलं पहिलं कलम इतिहासाचं नव्हतंच. सफाईचं होतं. विष काढल्याशिवाय गवंडी आत जाऊ शकत नाही, गवंडी गेल्याशिवाय छप्पर नाही, छप्पर नसेल तर भाडेकरू नाही, आणि भाडेकरू नसेल तर पुढच्या भिंतीला पैसा नाही. हा क्रम कंटाळवाणा आहे. पडद्यावर तो दाखवताही येत नाही. दूषित माती वाहून नेणाऱ्या माणसांचं चित्रण कोण करून ठेवतो? पण क्रॉमफर्ड वाचलं ते या क्रमामुळं.

सफाईबरोबर रंगकारखान्याच्या बऱ्याच शेडही पाडल्या गेल्या. आर्कराइटच्या काळातल्या भिंती मोकळ्या झाल्या, आवार पुन्हा जुनं दिसू लागलं. इथं मला थोडं वेगळं वाटतं. सूत इथं पाऊणशे वर्षं कातलं गेलं, रंग सत्तावन्न वर्षं बनला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी सुताच्या नाहीत, रंगाच्या आहेत. औद्योगिक अवशेषांचा आराखडा करताना सगळ्यांत अवघड प्रश्न असतो तो हा, की कुठलं शतक ठेवायचं. इथं आर्कराइटचं शतक जिंकलं. सरकारी यादीत या इमारतींना सर्वोच्च, म्हणजे पहिली श्रेणी आहे, ती काही रंगासाठी नाही.

(दृश्य : दुसऱ्या गिरणीच्या जागेवरचे दगडी पाये आणि चाकाचा खड्डा)

जळालेल्या दुसऱ्या गिरणीचे आता पाये दिसतात, आणि चाकाची जागा. उत्खननात ते उघडे झाले. गिरणी पुन्हा बांधा, पर्यटकांना बघायला काहीतरी हवं, असं कुणालाही वाटेल. पण जुन्या वास्तूंच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनद याबाबत कडक आहे : खणून काढलेल्या अवशेषांवर नवं बांधकाम करून मूळ वास्तू ‘उभी’ करायची नाही. सुटे पडलेले जुनेच दगड जागेवर बसवता आले तर बसवा, त्यापलीकडं नाही. म्हणून हे पाये पायेच राहिले. तेच बरं झालं. खोटी गिरणी दाखवण्यापेक्षा खरा खड्डा दाखवलेला चांगला.

(दृश्य : दगडी भिंतीचा जवळून दिसणारा सांधा, गवंड्याचे हात)

आता हा सांधा पाहा. इंग्लंडमध्ये कुठल्याही जुन्या भिंतीवर एक काम हमखास निघतं : मागच्या दुरुस्तीतलं सिमेंट काढायचं. जुना दगड आणि चुना पाणी पितात आणि पाणी सोडतात. सांध्यात सिमेंट भरलं की पाण्याला बाहेर पडायला दगडच उरतो. थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं, आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यानं सुटून येतो. म्हणून आधी सिमेंट छिन्नीनं अलगद कोरून काढायचं. सांधा ब्रशनं झाडायचा, पाणी मारून ओला करायचा. मग चुना थापीनं दाबत दाबत आतपर्यंत भरायचा, आणि वरून ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, नाहीतर वाऱ्यानं चुना घाईनं वाळतो आणि तडकतो. कडाक्याच्या थंडीत हे काम करताच येत नाही. आपल्याकडं जुन्या गवंड्यांना चुन्याच्या दर्जा भरणं, म्हणजे दगडांमधले सांधे असे चुन्यानं बुजवणं, सांगावं लागत नव्हतं. तिथंही ते मध्यंतरी विसरले होते आणि पुन्हा शिकले.

दुसरा शत्रू म्हणजे झाड. आपल्याकडं वाड्याच्या भिंतीत पिंपळ जे करतो, ते तिथं बडलिया करतं. फुलं सुंदर, फुलपाखरं येतात, आणि मुळं सांधा उघडतात. तिसरी गोष्ट पन्हळीची. तुंबलेली एक पन्हळ चांगल्या भिंतीला काही वर्षांत ओली करून सोडते. जतनाच्या मोठमोठ्या आराखड्यांत पन्हळी साफ करण्याचं वेळापत्रक असतं का, हे मी आधी बघतो. असेल, तर तो आराखडा करणाऱ्यांनी इमारत पाहिलेली असते.

(दृश्य : इमारत क्रमांक १७, आतले मजले, खिडक्यांतून येणारा उजेड)

ही सतरा नंबरची इमारत. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ती पुन्हा वापरात आली. तळमजल्यावर पाहुण्यांसाठी माहिती केंद्र आहे, वर कार्यालयं भाड्यानं दिली आहेत. जिथं सूत निघायचं तिथं आता लोक संगणकावर बसतात. हे बघून काही जण नाकं मुरडतात. गिरणीत यंत्रं हवीत, ऑफिसं कसली, म्हणतात. पण औद्योगिक वारशासाठी २००३ मध्ये रशियातल्या निझनी तागिल इथं जी सनद झाली, तिच्यात म्हटलंय की जुन्या औद्योगिक जागेला टिकवण्यासाठी नवा वापर देणं सहसा मान्य आहे. फार महत्त्वाच्या जागांचा तेवढा अपवाद. क्रॉमफर्डनं मधला रस्ता काढला : पहिली गिरणी इतिहासासाठी, बाकीच्या इमारतींत दुकानं, चहापान, कार्यालयं. मुंबईच्या गिरणगावात हा मधला रस्ता कुणी फारसा शोधला नाही. आपल्याकडं चिमणी ठेवली, गिरणी गेली, आणि चिमणीच्या भोवती मॉल आला.

(दृश्य : कालव्याचा धक्का, बोट, पाण्यावरची बदकं)

गिरणीसमोरचा हा क्रॉमफर्ड कालवा १७९४ मध्ये पुरा झाला, विल्यम जेसप आणि बेंजामिन औट्रॅम यांच्या देखरेखीखाली.  पुढं जाऊन वाटेतला बटर्ली इथला लांब बोगदा खचल्यामुळं कालवा मधूनच तुटला, आणि कालांतरानं मालवाहतूकही संपली. तो पुन्हा जोडावा म्हणून झटणारी स्वयंसेवकांची वेगळी संघटना आहे. गिरणीची संस्था वेगळी, कालव्याची वेगळी, घरांची वेगळी. एका गावात इतक्या संस्था म्हटल्यावर भांडणं होतच असणार; पण एक बुडाली तरी सगळं बुडत नाही, हाही फायदा आहे.

डिसेंबर २००१ मध्ये डरवेंट खोऱ्यातल्या गिरण्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. क्रॉमफर्डजवळच्या मॅसन गिरणीपासून डर्बी शहरातल्या रेशीम गिरणीपर्यंत, नदीकाठानं सुमारे २४ किलोमीटर. गिरण्यांबरोबर कामगारांच्या वस्त्याही त्यात आल्या, आणि भोवती राखीव पट्टा आखला गेला. म्हणजे आता गिरणीसमोरच्या टेकडीवर काही बांधायचं झालं तरी प्रश्न विचारला जातो. २०११ च्या स्थानिक स्वायत्ततेच्या कायद्यानं इंग्लंडमधल्या गावांना आपला विकास आराखडा आपण करण्याचा अधिकार दिला आहे : गावाच्या परिषदेनं मसुदा करायचा, स्वतंत्र परीक्षकानं तो तपासायचा, मग गावकऱ्यांनी मतदान करायचं. बहुमत मिळालं की घरबांधणीच्या परवानग्या देताना तो धरावाच लागतो. हे सगळं वेळखाऊ आहे. पर्यटक, गाड्या, वाढणारी घरभाडी हे प्रश्न गावापुढं आहेतच.

(दृश्य : पहिली गिरणी, आजची उंची)

ही पहिली गिरणी. पाच मजल्यांची होती, आज तिचे वरचे दोन मजले नाहीत, आणि ते कुणी चढवणारही नाही. खाली आवारात दुकानदार पाट्या लावतायत. त्यांच्या भाड्यातून, देणग्यांतून आणि लॉटरीच्या पैशातून मिळणाऱ्या वारसा अनुदानातून दुरुस्तीचा खर्च निघतो. अनुदान एकदाच मिळतं, दर्जा मात्र पुन्हा पुन्हा भराव्या लागतात. भाडं वेळेवर आलं की पुढची भिंत ठरते. नाही आलं, की ती यादीत खाली सरकते.